झाविखोस्तची लढाई (१२०५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंड किंवा युक्रेनचा जुना इतिहास वाचायला घेतला की झाविखोस्त हे नाव कुठेतरी येतंच, आणि मग रोमान कोण, लेशेक कोण, हे एकमेकांचे शत्रू होते की पाहुणे, असे तेच तेच प्रश्न सुरू होतात. म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. शक्यतो क्रमाने वाचा, कारण नातीगोती मध्येच वाचली तर डोकं गरगरतं.

लढाई कुठे आणि कधी झाली?

१९ जून १२०५. विस्तुला नदीच्या डाव्या काठावर झाविखोस्त नावाचं गाव आहे, आजच्या पोलंडच्या आग्नेय भागात, सांदोमिर शहराच्या थोडं उत्तरेला. तेव्हा या गावाचं महत्त्व एवढंच की इथून नदी पार करता यायची. रुथेनियाकडून क्राकोवकडे जायचं तर विस्तुला कुठेतरी ओलांडावीच लागायची, आणि ही त्यातली नेहमीची जागा. पुढे मंगोल आले तेही याच बाजूने.

कोण कोणाविरुद्ध लढलं?

एका बाजूला हालिच आणि व्होलिनचा राजा रोमान म्स्तिस्लाविच, म्हणजे रुथेनियन बाजू. समोर पोलंडचे दोन भाऊ, लेशेक (याला 'गोरा लेशेक' म्हणतात) आणि कोनराड. लेशेककडे सांदोमिरचा भाग आणि कोनराड पुढे माझोव्हियाचा राजा म्हणून ओळखला गेला. पोलिश बाजू जिंकली आणि रोमान मारला गेला. खरं तर लढाई म्हणून एवढंच आहे, बाकी सगळी गंमत आधीच्या तीस वर्षांत आणि नंतरच्या चाळीस वर्षांत आहे.

रुथेनिया म्हणजे रशियाच ना?

नाही. कीवच्या जुन्या राज्याची जी मोडतोड झाली त्या सगळ्या मुलखाला युरोपातले लॅटिन लिहिणारे रुथेनिया म्हणायचे, आणि त्यात आजचा युक्रेन, बेलारूस आणि रशियाचा थोडा भाग येतो. आपल्या गोष्टीपुरतं बोलायचं तर हालिच आणि व्होलिन, म्हणजे आजचा पश्चिम युक्रेन. मॉस्को तेव्हा एक किरकोळ लाकडी गढी होती, तिचा इथे काही संबंध नाही.

तेव्हा सीमा कुठे होती?

नकाशावर असते तशी रेघ नव्हती. बुग आणि सान या नद्यांच्या आसपास गढ्या होत्या, ज्याच्या हातात गढी त्याचा आजूबाजूचा मुलूख. चेर्व्हेन नावाच्या गढीभोवतीचा पट्टा तर चेंडूसारखा इकडून तिकडे जायचा: ९८१ मध्ये कीवच्या व्लादिमिरने घेतला, १०१८ मध्ये पोलंडच्या बोलेस्लावने परत घेतला, १०३१ मध्ये यारोस्लावने पुन्हा हिसकावला. त्यामुळे १२०५ ला या बाजूला घोडदळ येणं यात कोणाला नवल वाटलं नसणार.

हा रोमान कोण होता?

साधारण ११५२ चा जन्म. बाप म्स्तिस्लाव, जो काही काळ कीवच्या गादीवर होता. रोमान साधारण सोळा वर्षांचा असताना त्याला नोव्हगोरोदला राजा म्हणून पाठवलं आणि तिथे फेब्रुवारी ११७० मध्ये सुझदालची मोठी आघाडी चालून आली तेव्हा त्याच्या कारकिर्दीत नोव्हगोरोदवाल्यांनी ती परतवून लावली, म्हणजे पोराची सुरुवातच दणक्यात झाली. त्याच वर्षी बाप गेला आणि हा व्होलिनला आला. मग ११९९ मध्ये हालिचच्या जुन्या घराण्यातला शेवटचा माणूस मेला आणि रोमानने हालिचही ताब्यात घेतलं, दोन्ही राज्यं एक केली. कार्पेथियन डोंगरापासून कीवच्या वेशीपर्यंत एकच माणूस, असं चित्र तयार झालं.

कीववरही त्याने हात टाकला. तिथे रुरिक नावाचा राजा होता, आणि हा रुरिक रोमानचा सासरा! रुरिकने आधी जावयाला पाच गावं दिली, मग उत्तरेकडच्या एका बड्या राजाने डोळे वटारल्यावर परत घेतली. झालं, जावई बिथरला, बायकोला सोडलं, आणि पुढे सासऱ्याशी उघड वैर, इतकं की त्याला कीवमधून हाकललं. १२०३ च्या सुरुवातीला रुरिकने पोलोव्हत्सी नावाच्या भटक्या टोळ्यांना सोबत घेऊन कीव लुटलं, तर पुढच्या वर्षी रोमानने सासरा, सासू आणि स्वतःची सोडलेली बायको, तिघांचंही सक्तीने मुंडन करून त्यांना मठात टाकलं. असा माणूस होता.

रोमान आणि लेशेक नातेवाईक होते असं ऐकलं, खरं का?

खरं, आणि हे कळल्याशिवाय बाकी काहीच कळणार नाही.

पोलंडचा राजा बोलेस्लाव तिसरा ११३८ मध्ये वारला आणि जाताना राज्य मुलांमध्ये वाटून गेला. म्हणजे वडिलोपार्जित जमिनीची वाटणी झाली आणि विहीर मात्र सामाईक ठेवली, तसं क्राकोव थोरल्याकडे ठेवलं. पुढे काय होणार ते मराठी माणसाला सांगायला नको. या बोलेस्लावची मुलगी आग्नेश्का म्स्तिस्लावला दिली होती, तिचा मुलगा रोमान. आणि बोलेस्लावचा धाकटा मुलगा काझिमिर, त्याची मुलं लेशेक आणि कोनराड. म्हणजे काझिमिर हा रोमानचा सख्खा मामा आणि ज्यांच्या हातून रोमान मेला ते त्याचे मामेभाऊ. वयात मात्र पिढीचा फरक: १२०५ ला रोमान पन्नाशी ओलांडलेला आणि मामेभाऊ जेमतेम विशीच्या आगेमागे.

आणि नुसतं रक्ताचं नातं नाही. क्राकोवचा विन्सेंटी कादलुबेक, जो पुढे तिथला बिशप झाला, त्याने आपल्या बखरीत लिहिलंय की रोमान लहानपणी मामाच्या दरबारात वाढला. मामा ११९४ मध्ये वारला तेव्हा पोरं लहान होती, आणि दुसरा मामा म्येश्को, ज्याला 'म्हातारा म्येश्को' म्हणतात, तो क्राकोव घ्यायला निघाला. तेव्हा या पोरांच्या बाजूने लढायला कोण आला असेल? रोमानच.

म्हणजे रोमान आधी पोलंडच्या बाजूने लढला होता?

हो, ११९५ च्या सप्टेंबरमध्ये मोझगावा नदीकाठी. फुकट नव्हता आला, त्याला सासऱ्याविरुद्ध मदत हवी होती आणि पोलंडवाले म्हणाले आम्ही देऊ, पण आधी आमचा काका आम्हाला त्रास देतोय तो निस्तर. म्येश्कोने लढाईआधी रोमानला मध्यस्थी करायला सांगून पाहिलं, याने ऐकलं नाही. लढाई भयंकर झाली. म्येश्कोचा मुलगा ठार, म्येश्को स्वतः जखमी, एका साध्या शिपायाने त्याला मारायला हत्यार उगारलं तेव्हा हा ओरडला की मी राजा आहे, आणि वाचला. रोमानलाही जखमा झाल्या आणि तो आपली माणसं घेऊन परत फिरला.

चार वर्षांनी परतफेड झाली. रोमानने हालिच घेतलं ते लेशेकच्या बाजूच्या सैन्याच्या जोरावर. म्हणजे १२०५ च्या आधीची दहा वर्षं ही दोन्ही घरं एकमेकांच्या गाद्या सांभाळत होती. म्हणूनच या लढाईला 'पोलिश राष्ट्र विरुद्ध रुथेनियन राष्ट्र' असं जे कोणी सरसकट लिहून टाकतात ते मला पटत नाही. ही भाऊबंदकी आहे, फक्त भाऊबंद दोन भाषांचे आणि दोन पंथांचे आहेत.

मग एवढं सख्य असताना रोमानने हल्ला का केला?

यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही आणि प्रत्येक मताला थोडाफार आधार आहे.

एक मत असं की पोलंडच्या अंतर्गत भांडणात तो ओढला गेला. म्येश्को १२०२ ला वारला, त्याचा मुलगा व्लादिस्लाव लास्कोनोगी आणि लेशेक यांच्यात क्राकोववरून रस्सीखेच चालू होती. हालिच-व्होलिनच्या बखरीत पुढे एक वाक्य येतं की व्लादिस्लावने यांच्या मैत्रीवर जळून मध्ये काड्या घातल्या, त्यामुळे या मताला बळ मिळतं. मला व्यक्तिशः हेच जास्त पटतं.

दुसरं मत लुब्लिनचं. यान द्लुगोश हा पंधराव्या शतकातला पोलिश इतिहासकार सांगतो की रोमानला जुन्या मदतीच्या बदल्यात लुब्लिनचा मुलूख हवा होता आणि त्याने लुब्लिनला वेढा घातला. पण द्लुगोश घटनेनंतर अडीचशे वर्षांनी लिहितोय आणि रंगवून सांगायची त्याला भारी हौस.

तिसरं मत सगळ्यात भन्नाट. फ्रान्समधला आल्बेरिक नावाचा एक सिस्टर्सियन साधू लिहितो की रुथेनियाचा राजा रोमान पोलंडमधून सॅक्सनीला जायला निघाला होता, तिथली चर्च उद्ध्वस्त करायला, आणि देवाच्या इच्छेने विस्तुला नदीवर लेशेक आणि कोनराड या दोन भावांनी त्याला मारलं. चर्च फोडण्याचं सोडून द्या, पण सॅक्सनीचा उल्लेख दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण त्याच वर्षांत जर्मनीत फिलिप आणि ओटो यांच्यात गादीसाठी युद्ध पेटलं होतं. आणि एरफुर्टच्या सेंट पीटर मठाच्या पुण्यतिथीच्या नोंदवहीत 'रुथेनियाचा राजा रोमान' याने ३० मार्क दान दिल्याची नोंद आहे. जर्मनीतल्या मठाला देणगी देणारा माणूस जर्मनीच्या राजकारणात अगदीच नवखा नसणार एवढं नक्की म्हणता येतं, आणि चर्च फोडायला निघालेला माणूस मठाला पैसे कशाला देईल हाही प्रश्न आहेच.

प्रत्यक्ष लढाईत काय घडलं?

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली 'लॉरेन्शियन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुथेनियन बखरीतली, अगदी दोन-तीन ओळींची. रोमान पोलंडवर गेला, दोन गावं घेतली, विस्तुलाच्या काठी तळ दिला, मग मोजकी माणसं घेऊन आपल्या सैन्यापासून लांब गेला, तेवढ्यात पोलंडवाले चालून आले, त्याला मारलं आणि सोबतच्या सगळ्यांना कापून काढलं. मागून हालिचची माणसं आली आणि राजाचं प्रेत घेऊन गेली. बस. म्हणजे हा छापा म्हणायचा. टेहळणीला गेला, रस्ता बघायला गेला, शिकारीला गेला, कशाला गेला ते बखर सांगत नाही.

दुसरी द्लुगोशची, तिथे सगळा थाट आहे. मोठी फौज, माझोव्हियाचा सेनापती क्रिस्तिन पोलिश बाजूचा म्होरक्या, घनघोर लढाई, मग रुथेनियन सैन्य पळतं, नदीत माणसं बुडतात आणि रोमान पळणाऱ्यांच्या गर्दीत मिसळून जातो, ओळखू न येता साध्या शिपायासारखा मारला जातो. वाचायला मजा येते. पण राजा गर्दीत मेला म्हणजे त्याची अप्रतिष्ठा झाली, हे दाखवायचा लेखकाचा सोस वाक्यावाक्यात दिसतो.

जवळच्या काळातली बखर आणि त्यातही अगदी कोरडी, म्हणून पहिलीवर विश्वास ठेवायला जास्त हरकत नाही. आजचे बरेच अभ्यासकही याकडे मोठी समोरासमोरची लढाई म्हणून बघत नाहीत. पण एक गोष्ट खरी की पोलिश बाजूला हा विजय किरकोळ वाटला नव्हता. १९ जून हा संत गेर्व्हासियस आणि प्रोतासियस या जुळ्या संतांचा दिवस, त्यामुळे दोन संतांनी दोन भावांना जिंकून दिलं असं लोक मानायला लागले, आणि क्राकोवच्या कॅथेड्रलमध्ये या संतांच्या नावाने वेदी बांधली असं द्लुगोश सांगतो.

सैन्य किती होतं, किती मेले?

लॉरेन्शियन बखरीत एकही आकडा नाही. इंटरनेटवर कुठे हजारोंचे आकडे दिसले तर ते नंतरच्या लोकांनी लावलेले आहेत, सोडून द्या.

पंखवाले पोलिश हुसार होते का? कोसॅक होते का? तोफा?

तिन्हीचं उत्तर नाही. पंखवाले हुसार सोळाव्या शतकातले, कोसॅकही बरेच नंतरचे, आणि बारूद तर या भागात अजून आलीच नव्हती. १२०५ मध्ये दोन्हीकडचे मुख्य लढवय्ये म्हणजे कड्यांचं चिलखत घातलेले घोडेस्वार, भाला, तलवार, ढाल. रुथेनियन राजाच्या खास पदरी असलेल्या पथकाला द्रुझिना म्हणायचे, ही माणसं राजासोबत जेवायची, राहायची आणि मरायची. रोमानसोबत जी मेली ती हीच.

प्रेताचं काय झालं?

लॉरेन्शियन बखरीप्रमाणे हालिचला नेऊन तिथल्या पवित्र मातेच्या चर्चमध्ये पुरलं. द्लुगोशच्या गोष्टीत आधी सांदोमिरला पुरलं आणि मग रुथेनियन सरदारांनी हजार मार्क चांदी मोजून प्रेत सोडवून नेलं. इथेही मला पहिलीच जास्त सरळ वाटते.

रोमानला 'थोर' का म्हणतात? माणूस तर क्रूर वाटतो.

दोन्ही खरं आहे, कोणाची बखर वाचता त्यावर आहे.

हालिच-व्होलिनची बखर सुरूच होते रोमानच्या मृत्यूपासून, आणि त्याचं वर्णन असं: मूर्तिपूजकांवर सिंहासारखा झेपावला, रानमांजरासारखा चिडका, मगरीसारखा संहार करणारा, गरुडासारखा त्यांच्या मुलखावरून जाणारा, रानबैलासारखा शूर. व्होलिनच्या माणसाने मगर कुठे पाहिली असेल देवच जाणे, पण शैली जोरदार आहे. हे सगळं कौतुक मुख्यतः पोलोव्हत्सी टोळ्यांविरुद्धच्या मोहिमांसाठी आहे. आणि ते घरच्याच भाटाचं कौतुक आहे असंही नाही, कारण बायझंटाईन इतिहासकार निकेतास खोनियातेस यानेही लिहून ठेवलंय की या टोळ्या कॉन्स्टँटिनोपलच्या दारात आल्या होत्या तेव्हा रोमानने मागून त्यांच्या मुलखावर हल्ला करून त्यांना परत फिरायला लावलं.

आता कादलुबेक काय म्हणतो बघा. हालिचच्या बॉयर सरदारांना रोमानने हालहाल करून मारलं, आणि तो म्हणायचा की मधमाशांचं पोळं चिरडल्याशिवाय मध निवांत खाता येत नाही. अशीच मधमाशांची म्हण हालिच-व्होलिनच्या बखरीतही येते, पण रोमानच्या मुलाला सल्ला देणाऱ्या एका माणसाच्या तोंडी. म्हणजे ही म्हण त्या भागात तोंडोतोंडी असणार. हालिचचे बॉयर होतेच तसे, राजा हवा तेव्हा आणायचा आणि नको तेव्हा हाकलायचा ही त्यांची जुनी सवय, पुढे वाचाल तर कळेल.

त्याच्या मरणाने एवढा काय फरक पडला?

हा खरा प्रश्न. मागे राहिले दोन मुलगे: दानिलो चार वर्षांचा, वासिल्को दोन वर्षांचा. आणि विधवा आई. गादी रिकामी आहे म्हटल्यावर सगळीकडून लोक धावले.

सगळ्यात आधी धावला तो सासरा. रुरिकला मठात बातमी कळली तशी त्याने भगवी, म्हणजे त्यांची काळी, वस्त्रं फेकली आणि सरळ कीवच्या गादीवर जाऊन बसला. बायकोलाही म्हणाला तू पण सोड, तर तिने उलट आणखी कडक व्रताची दीक्षा घेतली. या बाईबद्दल मला नेहमी आदर वाटतो.

हालिचमध्ये विधवेने हंगेरीचा राजा आंद्रास याची सानोकला भेट घेतली, त्याने दानिलोला मुलासारखं मानलं आणि हालिचमध्ये हंगेरियन शिपाई ठेवले. आणि मग स्वतःला 'हालिच आणि व्होलिनचा राजा' म्हणवून घ्यायला लागला. पुढे सहा-सातशे वर्षं हा किताब चालला, अठराव्या शतकात ऑस्ट्रियाने हा भाग घेतला तेव्हा याच जुन्या किताबाचा आधार दाखवला.

दरम्यान बॉयरांनी नोव्हगोरोद-सेव्हेर्स्क नावाच्या दुसऱ्या रुथेनियन राज्याचा राजा इगोर याच्या मुलांना बोलावून आणलं. हालिच गेलं, म्हणून विधवा मुलांना घेऊन व्होलिनच्या वोलोदिमिर शहरात आली, तर तिथेही इगोरच्या मुलांकडून निरोप आला की रोमानची पोरं आमच्या हवाली करा. तेव्हा एका रात्री ती पळाली. बखर सांगते की दानिलोला त्याचा सांभाळ करणारा मिरोस्लाव पुढ्यात घेऊन निघाला, वासिल्कोला यूरी नावाचा पाद्री आणि दाई, आणि शहराच्या तटाला एक भोक होतं त्यातून सगळे बाहेर पडले. आणि जायचं कुठे तेच कळेना, कारण जवळ होता पोलंड, आणि पोलंडने तर नवऱ्याला मारलेलं, तहसुद्धा झालेला नव्हता.

तरी ती गेली लेशेककडेच. आणि लेशेकने जुनं वैर मनात न ठेवता भावजय म्हणून तिला मानाने घरात घेतलं, पोरांना बघून त्याला दया आली आणि म्हणाला की आमच्यात हे वैर सैतानाने घातलं. बखर भावजय या नात्यानेच तिचा उल्लेख करते. वर्षभरापूर्वी ज्याच्या माणसांनी नवरा कापला त्याच्या दारात ही बाई उभी राहते आणि तो दार उघडतो, पूर्ण प्रकरणात मला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो, लढाईपेक्षा कितीतरी. आता लेशेक अगदीच भोळा नव्हता हेही आहे, दोन वारसदार हातात असणं कोणालाही फायद्याचंच. त्याने वासिल्कोला आपल्याकडे ठेवलं आणि दानिलोला हंगेरीला पाठवून आंद्रासला जुन्या शपथेची आठवण करून दिली.

मग हालिचमध्ये जे झालं ते ऐकून घ्या. इगोरच्या मुलांनी बॉयरांची कत्तल केली, बखर ५०० आकडा देते. वाचलेल्या बॉयरांनी हंगेरीची फौज आणून १२११ मध्ये त्यांना पकडलं आणि चक्क फाशी दिली. राजघराण्यातल्या माणसांना सरदारांनी फाशी देणं हे त्या काळच्या रुथेनियात न ऐकलेलं होतं. त्यानंतर व्लादिस्लाव नावाचा एक बॉयर स्वतःच राजा म्हणून बसला, राजरक्त नसताना. मग हंगेरी आणि लेशेकने सोयरीक करून, लेशेकची मुलगी सालोमेया आणि आंद्रासचा मुलगा काल्मान, हालिचवर स्वतःचाच माणूस बसवला. असं चालू राहिलं. दानिलोला हालिच पक्कं हातात यायला १२३८ उजाडलं आणि दोनच वर्षांनी मंगोल आले.

म्हणजे रोमान जगला असता तर मंगोल हरले असते?

असं काही म्हणता येत नाही, मंगोलांपुढे भले भले गेले. एवढंच की १२२३ ला काल्का नदीवर रुथेनियन राजे प्रत्येकजण आपापलं लढले आणि वेगवेगळे कापले गेले, त्यात तरुण दानिलोही होता, छातीत जखम घेऊन परत आला.

हे कॅथलिक विरुद्ध ऑर्थोडॉक्स युद्ध होतं का?

आल्बेरिकसारख्या साधूंना तसं दाखवायचं होतं, आणि वेळही तशीच होती, १२०४ मध्येच क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं होतं. पण घरात बघा. रोमानची आई पोलिश. लढाईनंतर लेशेकने बायको केली ती रुथेनियन, ग्झिमिस्लावा. कोनराडची बायको आगाफिया, तीही रुथेनियन, आणि तिचा बाप म्हणजे हालिचमध्ये फाशी गेलेल्या त्या इगोरच्या मुलांपैकी एक. पंथ आडवे येत होते ते मठात आणि कागदावर, लग्नं बिनधास्त होत होती.

लेशेक आणि कोनराडचं पुढे काय झालं?

लेशेक १२२७ च्या नोव्हेंबरमध्ये गोंसावाला राजांच्या बैठकीला गेला होता तिथे हल्ला झाला आणि मारला गेला. कोनराडने १२२६ च्या सुमारास प्रशियन टोळ्यांविरुद्ध ट्युटॉनिक नाइट्सना बोलावलं, आणि ते पाहुणे पुढे दोनशे वर्षं पोलंडच्या छातीवर बसले. झाविखोस्तचा तो सेनापती क्रिस्तिन? त्याला कोनराडनेच १२१७ मध्ये संपवला.

आपल्याकडे या सगळ्याचा काही धागा आहे का?

लढाईचा नाही, मुलखाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, साधारण पाच हजार माणसं. यातले बरेचजण १९४०-४१ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाकडे नेलेले, आणि तेव्हाच्या पूर्व पोलंडमध्ये व्होलिन आणि हालिचचा हाच पट्टा येत होता. तेव्हा कोल्हापूरच्या जुन्या माणसांनी पंचगंगेकाठी जी पोलिश पोरं पाहिली त्यातल्या काहींची गावं रोमानच्या राज्यातली.

झाविखोस्त आणि यारोस्लाव्हची लढाई एकच का? दोन्हीकडे हालिच, पोलंड आणि ऑगस्ट-जून असा गोंधळ होतो.

वेगळ्या. यारोस्लाव्ह १७ ऑगस्ट १२४५, चाळीस वर्षांनी, सान नदीच्या बाजूला. तिथे रोमानचे तेच दोन मुलगे, दानिलो आणि वासिल्को, आता मोठे झालेले, आणि समोर हंगेरीचा जावई रोस्तिस्लाव, त्याच्यासोबत हंगेरियन आणि पोलिश सैन्य. हा रोस्तिस्लाव वेढा घालून बसला असताना शहरासमोर हौसेने घोड्यावरचा खेळ खेळायला गेला, घोडा पडला आणि याचा खांदा निखळला, लोकांनी तेव्हाच ओळखलं की लक्षण काही ठीक नाही. दानिलो जिंकला, हंगेरियन सेनापती फिल्या पकडून मारला गेला, आणि हालिचवरचा चाळीस वर्षांचा वाद एकदाचा मिटला. पुढे १२५३ मध्ये पोपच्या दूताने दानिलोला मुकुट घातला, आणि आजचं ल्विव्ह शहर त्याच्या ल्येव नावाच्या मुलाच्या नावाचं आहे.

यारोस्लाव्हला पोलिश फौज आली होती ती क्राकोवच्या बोलेस्लावची, म्हणजे लेशेकच्या मुलाची. आणि दानिलोने मदत मागितली होती कोणाकडे, तर कोनराडकडे, ज्याने भावासोबत त्याच्या बापाला मारलं होतं. कोनराडने पाठवलीही. लिथुआनियाच्या मिंदाउगासनेही पाठवली. दोन्ही फौजा पोहोचल्या तेव्हा लढाई संपलेली होती.